मार्केटिंगच्या मेलसाठी स्वतःचं डोमेन: जीमेलचा पत्ता सोडायचाय, काय काय करावं लागेल?

कुळागर

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ मसाल्याची बाग आणि तिथेच चार खोल्यांचं होमस्टे. राहून गेलेले पाहुणे आणि काजू, कोकम, मिरी घरपोच मागवणारी गिऱ्हाइकं मिळून १,८४० पत्त्यांची यादी आहे. महिन्याला एक मेल जातो, तोही एका मेल पाठवणाऱ्या सेवेतून. पाठवणाऱ्याचा पत्ता आजवर जीमेलचा ठेवला होता. आता बरेच मेल स्पॅममध्ये जातात, हॉटमेलवाल्या पाहुण्यांचे तर सगळेच जंकमध्ये.

डोमेन आहे, ‘तुमचंनाव.इन’ असं धरा. त्यावर वेबसाइट चालते, ऑफिसचे मेल गूगल वर्कस्पेसवर आहेत. पाठवणाऱ्याचा पत्ता या डोमेनचा करायचाय. सेवेच्या पॅनेलमध्ये डोमेन ‘व्हेरिफाइड’ दिसतं, पण ‘ऑथेंटिकेटेड’ होत नाही. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही तीन नावं जिथे तिथे वाचायला मिळतात. कोणतं कशासाठी आणि आधी काय करायचं, ते सलग कुठे मिळालं नाही. ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्याआधी हे मार्गी लावायचंय.

घुमट

कुळागरबाब, आधी जीमेलचा पत्ता का चालत नाही ते पाहू, म्हणजे पुढचं आपोआप लागेल.

प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक आतल्या कागदावरचा, म्हणजे ‘फ्रॉम’. वाचणाऱ्याला दिसतो तो हाच. दुसरा पाकिटावरचा, म्हणजे ‘रिटर्न-पाथ’. मेल पोचला नाही तर परतीची चिठ्ठी तिकडे जाते. सेवेतून पाठवलं की पाकिटावर बहुतेक वेळा सेवेचाच पत्ता असतो, तुमचा नसतो.

एसपीएफ पाकिटावरचा पत्ता तपासतो. देवस्थानच्या महाजनांची यादी असते ना, तशीच ही यादी: या डोमेनच्या नावाने मेल पाठवायचा हक्क कोणत्या सर्व्हरांना. डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही. सही करायची चावी सेवेकडे, ती ताडून बघायची चावी तुमच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही.

डीमार्क तिसराच प्रश्न विचारतो: एसपीएफ किंवा डीकेआयएम ज्या डोमेनसाठी पास झालं, ते डोमेन आणि फ्रॉममधलं डोमेन एकाच घरचं आहे का? याला अलाइनमेंट म्हणतात. दोहोंपैकी एक जरी पास होऊन जुळलं तरी डीमार्क पास. दोन्ही पास होऊन एकही जुळलं नाही, तर फेल. सगळी गोम इथे आहे. लोक दोन ‘पास’ बघून निश्चिंत होतात आणि मेल तरीही स्पॅममध्ये जातो.

जीमेल.कॉमच्या डीएनएसमध्ये तुम्हाला काही घालता येत नाही, म्हणून तो पत्ता फ्रॉममध्ये ठेवून बाहेरच्या सेवेतून पाठवलेला मेल कधीच जुळणार नाही. याहूने तर एप्रिल २०१४ मध्येच असले मेल नाकारा असं धोरण लावलं. गूगल आणि याहूने ऑक्टोबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले, ते फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले. मायक्रोसॉफ्टने हॉटमेल, आउटलुक आणि लाइव्हसाठी तसेच नियम ५ मे २०२५ पासून आणले. दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही रेकॉर्डं सक्तीची. तुम्ही त्या आकड्याच्या खूप खाली आहात, तरी सगळं तसंच करा. गूगलचा साधा नियमही निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतोच. शिवाय एकदा एका दिवसात तो आकडा गाठला की गूगल तुम्हाला कायमचं मोठ्या पाठवणाऱ्यांत धरतं.

क्रम असा: पहिल्यांदा सेवेचं डीकेआयएम, मग वर्कस्पेसचं डीकेआयएम, मग एसपीएफ साफ करणं, मग डीमार्क ‘पी=नन’ने, म्हणजे फेल झालेल्या मेलचं काही करू नका, फक्त अहवाल द्या. हे सगळं पास झाल्याशिवाय फ्रॉम बदलू नका.

आणि ‘व्हेरिफाइड’बद्दल: त्या पत्त्यावर आलेल्या मेलमधली लिंक तुम्ही दाबली, म्हणजे तो डबा तुमचा आहे, एवढंच त्यातून ठरतं. डीएनएसचा त्याच्याशी संबंध नाही.

पोफळ

डीएनएस नेमका कुठे आहे ते आधी बघा. डोमेन एकीकडे घेतलेलं, नेमसर्व्हर (डोमेनची रेकॉर्डं जगाला सांगणारे सर्व्हर) वेबसाइटच्या होस्टिंगकडे वळवलेले, आणि रेकॉर्डं मात्र डोमेन घेतलं तिथल्या पॅनेलमध्ये भरलेली, असं नेहमी होतं. ती रेकॉर्डं कुणालाच दिसत नाहीत. कमांड प्रॉम्प्टवर ‘एनएसलुकअप -टाइप=एनएस तुमचंनाव.इन’ चालवा. जी नावं येतील त्यांच्या पॅनेलमध्ये काम करायचं.

कुळागर

नेमसर्व्हर होस्टिंगवाल्याचेच आहेत आणि रेकॉर्डंही तिथेच भरलीत. सध्या असं आहे (टीएक्सटी म्हणजे मजकुराचं रेकॉर्ड, सीनेम म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं, @ म्हणजे डोमेन स्वतः):

१. टीएक्सटी, नाव @, ‘व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल’
२. टीएक्सटी, नाव @, ‘व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:सेवेचं-डोमेन ~ऑल’
३. सीनेम, नाव ‘के१._डोमेनकी.तुमचंनाव.इन’, मूल्य सेवेने दिलेलं
४. टीएक्सटी, नाव _डीमार्क, ‘व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:माझा जीमेलचा पत्ता’

स्वतःलाच चाचणीचा मेल पाठवला. जीमेलमध्ये तीन ठिपके, ‘शो ओरिजिनल’. तिथे ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’मध्ये असं आलं:

डीकेआयएम=पास, हेडर.आय=@सेवेचं-डोमेन
एसपीएफ=पास, एसएमटीपी.मेलफ्रॉम=बाउन्स...@सेवेचं-डोमेन
डीमार्क=फेल (पी=नन), हेडर.फ्रॉम=तुमचंनाव.इन

घुमट

उत्तम, यात सगळं दिसतंय. पहिल्या ओळीत ‘पास’च्या पुढे बघा. सही सेवेच्या डोमेनची आहे, तुमच्या नव्हे. दुसऱ्या ओळीत पाकिटही सेवेचंच. तिसऱ्या ओळीत फ्रॉम तुमचा. वरच्या दोहोंपैकी कुठेही ‘तुमचंनाव.इन’ नाही, म्हणून फेल. हेडर वाचायची एवढीच रीत: ‘पास’ हा शब्द सोडून द्या, त्याच्या पुढचं डोमेन वाचा.

आता एकेक चूक.

तिसरं रेकॉर्ड. बहुतेक पॅनेलं नावाच्या पुढे डोमेन आपणहून जोडतात. तुम्ही पूर्ण नाव भरलंत, म्हणजे प्रत्यक्षात ‘के१._डोमेनकी.तुमचंनाव.इन.तुमचंनाव.इन’ असं रेकॉर्ड तयार झालं. सेवा शोधते एकीकडे, रेकॉर्ड बसलंय भलतीकडे. नावाच्या चौकटीत फक्त ‘के१._डोमेनकी’ ठेवा. ‘_डोमेनकी’च्या आधीचा शब्द म्हणजे सिलेक्टर. तो सेवा देते आणि जसाच्या तसा ठेवायचा. मेलचिंप ही सेवा के२ आणि के३ असे दोन सीनेम देते, अमेझॉनची मेल पाठवायची सेवा एसईएस तीन देते. जितके दिलेत तितके सगळे भरा. त्यातल्या एकावरून दुसऱ्यावर चावी फिरवता यावी म्हणून ते एकाहून जास्त असतात.

पहिलं आणि दुसरं. एका नावावर एसपीएफचं रेकॉर्ड एकच चालतं. दोन असली की तपासणारा ‘पर्मएरर’ देतो, म्हणजे दोन्ही रद्द. तुमच्या मार्केटिंगच्या मेलला याचा फटका दिसला नाही, कारण त्याचं पाकीट सेवेच्या डोमेनचं आहे. पण ऑफिसमधून वर्कस्पेसने जाणाऱ्या मेलांचं पाकीट तुमच्या डोमेनचं असतं. म्हणजे सध्या बुकिंगची पत्रं आणि बिलं एसपीएफमध्ये नापास होतायत. हे आजच दुरुस्त करा. दुसरं रेकॉर्ड काढून टाका. पाकीट सेवेच्या डोमेनचं असताना तिचं इन्क्लूड तुमच्या यादीत ठेवून काहीच साधत नाही.

पुढेमागे एखादं इन्क्लूड खरंच लागलं तर ते त्याच एका ओळीत, ‘~ऑल’च्या आधी. आणि मोजून: एसपीएफ तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस शोध चालतात, इन्क्लूडच्या आतली इन्क्लूडंही त्यात धरतात. अकरावा शोध लागला की परत पर्मएरर.

चौथं. आरयूए म्हणजे डीमार्कचे अहवाल जिथे यायचे तो पत्ता. त्यात जीमेलचा पत्ता चालणार नाही. अहवाल दुसऱ्या डोमेनवर मागवायचे तर त्या डोमेनने आपल्या डीएनएसमध्ये तशी परवानगी द्यावी लागते, आणि जीमेल.कॉम तुमच्यासाठी ती देणार नाही. वर्कस्पेसमध्ये ‘डीमार्क@तुमचंनाव.इन’ असं उपनाव काढा आणि ते घाला. अहवाल दिवसातून एकदा, दाबलेल्या एक्सएमएल फाइलीत येतात, म्हणून त्यांना वेगळं लेबल लावून ठेवा.

मांडवीतीर

घुमटबाबांनी वर्कस्पेसच्या डीकेआयएमचा उल्लेख केला, पायऱ्या देतो. अ‍ॅडमिन कन्सोल, अ‍ॅप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल, ऑथेंटिकेट ईमेल. २,०४८ बिटांची चावी तयार करा. जे टीएक्सटी मिळेल ते ‘गूगल._डोमेनकी’ या नावाने डीएनएसमध्ये घाला. मग परत त्याच पानावर येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबा. हे शेवटचं बटण राहून जातं. तोवर गूगल तुमच्या मेलवर ‘जीअ‍ॅप्सएसएमटीपी.कॉम’ या स्वतःच्या डोमेनची सही करत राहतं: डीकेआयएम पास, पण जुळत नाही.

२,०४८ बिटांची चावी साडेतीनशेहून जास्त अक्षरांची असते आणि टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ अक्षरं मावतात. चांगली पॅनेलं आपणहून दोन तुकडे करतात. काही मुकाट्याने शेपूट कापून टाकतात आणि रेकॉर्ड दिसायला ठीक दिसतं. चिकटवल्यावर बाहेरून ‘एनएसलुकअप -टाइप=टीएक्सटी’ने परत वाचा आणि शेवटची आठदहा अक्षरं गूगलने दिलेल्याशी ताडा. पॅनेल तुकडे मागत असेल तर दोन वेगळ्या अवतरणांत द्या, मध्ये एकही अक्षर गळू न देता. अगदीच जमलं नाही तर १,०२४ची चावी चालते, पण तो शेवटचा उपाय.

डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल त्यांनी डीकेआयएमच्या सीनेमवरचा नारिंगी ढग बंद करून ‘डीएनएस ओन्ली’ करावं. ढग चालू असला तर सीनेमच्या जागी क्लाउडफ्लेअरचा आयपी दिसतो आणि चावी सापडत नाही.

सर्वांना एक सूचना: हा धागा देवनागरीत आहे म्हणून रेकॉर्डंही देवनागरीत दिलीत. पॅनेलमध्ये भरताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच लागतात. सेवेच्या पानावरून कॉपी करा, हाताने टाइप करू नका.

कुळागर

आभारी आहे. तिसऱ्यातली चूक अगदी तीच होती. दुसरं रेकॉर्ड काढलं, वर्कस्पेसची चावीही घातली. पॅनेल ‘४८ तास लागू शकतात’ म्हणतं, तितकं थांबायचं का?

पोफळ

नवं रेकॉर्ड बऱ्याचदा काही मिनिटांत दिसतं. बदललेल्या रेकॉर्डाला जुन्याचा टीटीएल (इतरांनी ते किती सेकंद साठवून ठेवायचं ती मुदत) संपेपर्यंत वेळ लागतो. टीटीएल ३,६०० असेल तर तासभर. पुढच्या वेळी बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० करून ठेवा. नवं रेकॉर्ड तासभर झाल्यावरही दिसत नसेल तर बहुधा ४८ तासांनीही दिसणार नाही. नावाची चौकट परत तपासा.

सांजवात

थोडा वेगळा मुद्दा. मार्केटिंग थेट मुख्य डोमेनवरून करावं की सबडोमेनवरून? इतकी छोटी यादी असताना सबडोमेनचा उपद्व्याप कशाला, असं माझं मत. लोक ओळखतात ते मुख्य नाव.

मांडवीतीर

इथे माझं मत स्पष्ट आहे: सबडोमेन. ‘वार्ता.तुमचंनाव.इन’ असं काहीतरी. होमस्टेवाल्यासाठी सगळ्यात मोलाचा मेल मार्केटिंगचा नसतो, बुकिंग पक्कं झाल्याचा असतो. पावसाळी सवलतीच्या मेलवर दहा जणांनी ‘स्पॅम’ दाबलं आणि त्यापायी डिसेंबरचं बुकिंगपत्र जंकमध्ये गेलं, तर नुकसान कितीतरी मोठं. जीमेलसारखे घेणारे सबडोमेनची पत बऱ्याच अंशी वेगळी मोजतात. पूर्ण वेगळी नाही, मुख्य डोमेनला थोडी झळ बसतेच, पण मध्ये बांध राहतो.

काम फारसं वाढत नाही. सेवेत डोमेन म्हणून ‘वार्ता.तुमचंनाव.इन’ नोंदवा, मग सीनेमचं नाव ‘के१._डोमेनकी.वार्ता’ असं होईल. डीमार्क वेगळा लागत नाही, मुख्य डोमेनचाच सबडोमेनला लागू होतो; वेगळं धोरण हवं असेल तरच ‘एसपी=’ घालायचं. दिसणाऱ्या नावात बागेचं नाव ठेवा, लोकांची नजर त्याच्यावरच असते. उत्तरं मुख्य डोमेनवर यावीत म्हणून ‘रिप्लाय-टू’ तिकडे द्या. सबडोमेनलाही एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरने घ्यायचा ते सांगणारं रेकॉर्ड) द्या, कारण काहीजण रिप्लाय-टू न बघता थेट त्या पत्त्यावर लिहितात.

एकच गोष्ट करू नका: ‘तुमचंनाव-ऑफर्स.इन’ असं जोडनाव विकत घेणं. नवं कोरं डोमेन, पत शून्य, आणि दिसायला हुबेहूब फसवणुकीच्या मेलसारखं.

सांजवात

बुकिंगपत्राचा मुद्दा पटला. मग सबडोमेनच.

घुमट

मलाही मान्य. ज्यांना पुढे एसईएस वापरायची आहे त्यांच्यासाठी भर घालतो. तिथे पाकिटावरचा पत्ताही आपल्या सबडोमेनचा करता येतो, त्याला ‘कस्टम मेल फ्रॉम’ म्हणतात. ‘परत.वार्ता.तुमचंनाव.इन’ असं नाव घ्या. त्याला एक एमएक्स, प्राधान्य १०, मुंबई विभागासाठी ‘फीडबॅक-एसएमटीपी.एपी-साउथ-१.अमेझॉनएसईएस.कॉम’; आणि एक टीएक्सटी, ‘व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:अमेझॉनएसईएस.कॉम ~ऑल’. मग एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही जुळतात. नवं खातं सँडबॉक्समध्ये असतं: २४ तासांत २०० मेल, सेकंदाला एक, तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांना. बाहेर यायचा अर्ज करताना यादी कशी जमवली आणि परतलेल्या मेलांचं काय करता, हे स्पष्ट लिहा. बाउन्स, म्हणजे परतलेले मेल, ५ टक्क्यांवर गेले की खातं तपासणीखाली येतं, १० टक्क्यांवर पाठवणं बंद पडू शकतं.

खाजन

डीएनएस कितीही नीट असू द्या, यादी कच्ची असेल तर सगळं वाया. गोव्यातल्या होमस्टेच्या यादीत ठरलेली घाण असते, ती आधी काढा.

बुकिंगच्या संकेतस्थळांकडून येणारे मधले पत्ते, म्हणजे पाहुण्याच्या खऱ्या पत्त्याऐवजी संकेतस्थळाने दिलेलं टोपणनाव. ते त्या बुकिंगपुरतं असतं. ते यादीत ठेवलं की पुढे बाउन्स.

रजिस्टरमधून उतरवलेले पत्ते. ‘जीमियल’, ‘हॉटनेल’, ‘.कॉम’च्या जागी ‘.कॉन’. घाईत लिहिलेल्या अक्षरांत १ आणि एल, ० आणि ओ एकच दिसतात. शंका असेल तर अंदाजाने दुरुस्त करू नका, गाळा. चुकून दुरुस्त झालेला पत्ता कुण्या तिऱ्हाइताचा निघतो आणि तो ‘स्पॅम’ दाबतो.

आणि ज्यावर मी अडून बसेन तो मुद्दा: परदेशी पाहुण्याची ‘फॉर्म सी’ भरताना घेतलेली माहिती मार्केटिंगला वापरायची नाही. ती सरकारी नोंदणीसाठी दिलेली माहिती आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती विशिष्ट कामासाठी आणि स्पष्ट हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. युरोपातल्या पाहुण्यांना त्यांच्याकडचे नियम आणखी कडक. चेक-इनच्या कागदावर वेगळी चौकट ठेवा, ‘बागेच्या बातम्या मेलवर पाठवा’, आधीच खूण न केलेली. पाहुणा स्वतः खूण करेल तेवढेच पत्ते यादीत. तारीख लिहून ठेवा.

कुळागर

खाजनबाब, फॉर्म सीमधले पत्ते यादीत होते, आज काढले. संकेतस्थळाचे मधले पत्तेही. आता १,३१० उरले.

खाजन

छान झालं. आता गणित बघा. गूगलची मर्यादा अशी की स्पॅम म्हणून आलेल्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, ०.३ टक्क्याला कधीच पोचू देऊ नका. १,३१० पैकी समजा ८०० जीमेलवाले. त्यातल्या तिघांनी ‘स्पॅम’ दाबलं की ०.३७५ टक्के झाले. छोट्या यादीत तीन माणसंही पुरतात. म्हणून ‘अनसबस्क्राइब’ लपवू नका, वरच ठेवा. जाणाऱ्याला सुखाने जाऊ दिलं तर तो स्पॅमचं बटण शोधत नाही.

मोठ्या पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढायची सोय सक्तीची आहे. ती मेलच्या मजकुरातल्या लिंकवर भागत नाही, हेडरमध्ये दोन ओळी लागतात: ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ एचटीटीपीएस दुव्यासह, आणि ‘लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट’. दोन्ही डीकेआयएमच्या सहीत यायला हव्यात. तयार सेवा हे स्वतः करतात. एसईएसवरून स्वतः पाठवणाऱ्यांनी घालावं. नाव दोन दिवसांत निघालं पाहिजे.

मांडवीतीर

हंगामाचं वेळापत्रक. नव्या सबडोमेनवरून पहिल्याच दिवशी १,३१० मेल सोडू नका. पत नसलेल्या पत्त्यावरून एकदम लोंढा आला की घेणारा तो अडवतो. ऑगस्टच्या शेवटी सुरुवात करा. पहिले ५० पाठवा, तेही गेल्या सहा महिन्यांत राहून गेलेल्यांना किंवा माल मागवलेल्यांना, म्हणजे जे हमखास उघडतील. दोन दिवसांनी १००, मग २००, मग ४००, मग उरलेले. प्रत्येक टप्प्यावर बाउन्स बघा. ५.१.१ म्हणजे तो पत्ताच नाही, लगेच काढा. ४ने सुरू होणारे कोड तात्पुरते असतात, सेवा परत प्रयत्न करते. ५.७.२६ जीमेलकडून आला तर पाठवणं थांबवून डीएनएस बघा, ऑथेंटिकेशन तुटलंय. आउटलुककडून ५.७.५१५ आला तरी दुखणं तेच.

चवथीच्या आठवड्यात इथली गिऱ्हाइकं मेल उघडत नाहीत, तो आठवडा परदेशी पाहुण्यांच्या गटासाठी वापरा. त्यांच्यात हॉटमेल, लाइव्ह, जीएमएक्स, मेल.आरयू जास्त, हा गट वेगळा ठेवला तर कुठल्या घेणाऱ्याकडे अडतंय ते लगेच कळतं.

गूगल पोस्टमास्टर टूल्समध्ये (जीमेलकडच्या आपल्या तक्रारींचे आकडे तिथे दिसतात) डोमेन टीएक्सटीने पडताळून ठेवा. इतक्या कमी मेलांवर त्यात आकडे बहुधा रिकामे दिसतील. घाबरू नका, मोठ्या पाठवणीला उपयोगी पडतं.

पोफळ

पाठवणाऱ्याचं नाव देवनागरीत ठेवता येतं का? आणि .भारत डोमेनचा पत्ता?

घुमट

दिसणारं नाव देवनागरीत बेलाशक ठेवा. ते यूटीएफ-८ मध्ये सांकेतिक होऊन जातं आणि सगळीकडे नीट दिसतं. मराठी-कोंकणी गटाला देवनागरी नाव, परदेशी गटाला रोमन. एकदा ठरवलं की बदलू नका, माणूस नाव बघूनच उघडतो.

.भारत मात्र पाठवण्याचा पत्ता म्हणून नको. २०१४ पासून देवनागरीत मिळतं, मराठी आणि कोंकणीलाही, पण देवनागरी पत्ता स्वीकारायला वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरकडे त्याची सोय लागते आणि ती सगळीकडे नाही. वेबसाइटसाठी घ्या, मेलसाठी .इनच.

मजकुराच्या वजनाकडेही लक्ष द्या. देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढे मेल कापून ‘पूर्ण बघा’ची लिंक देतं आणि तळाचा अनसबस्क्राइब नेमका कापलेल्या भागात जातो. वर्डमधून मजकूर चिकटवला की अदृश्य कोड भरमसाट येतो. आधी नोटपॅडमध्ये चिकटवून मग घ्या.

सांजवात

डीमार्क ‘पी=नन’वर किती दिवस ठेवायचा? ननवर राहिलं तर आपल्या नावाने दुसरा कुणी पाठवतच राहील ना?

घुमट

राहीलच, म्हणून ननवर मुक्काम करायचा नाही. पण घाईही नको. निदान चार आठवडे अहवाल वाचा. त्यात आयपी, मेलांची संख्या आणि जुळलं की नाही, एवढंच असतं. तुमच्या नावाने मेल पाठवणारी यंत्रणा तुम्हाला वाटते त्याहून जास्त निघतात: वेबसाइटचा संपर्क फॉर्म, बुकिंगचं सॉफ्टवेअर, बिलाचं सॉफ्टवेअर.

संपर्क फॉर्म हमखास चुकतो. पाहुणा फॉर्म भरतो आणि वेबसाइट त्याचाच पत्ता फ्रॉममध्ये घालून तुम्हाला मेल करते. त्याचा पत्ता याहूचा असला तर तो मेल तुमच्यापर्यंत पोचतच नाही, चौकशी हरवते. फ्रॉममध्ये आपल्या डोमेनचा पत्ता आणि पाहुण्याचा ‘रिप्लाय-टू’मध्ये, अशी मांडणी करा. फॉर्मचा मेल होस्टिंगच्या सर्व्हरवरून न सोडता वर्कस्पेसच्या एसएमटीपीतून पाठवा.

अहवालात आपली सगळी यंत्रणा जुळलेली दिसली की ‘पी=क्वारंटाइन’, म्हणजे फेल मेल स्पॅममध्ये टाका. तिथे परत तीन-चार आठवडे. मग ‘पी=रिजेक्ट’, म्हणजे सरळ नाकारा. एसपीएफच्या शेवटी मात्र ‘~ऑल’च (यादीबाहेरचे संशयित धरा) राहू द्या. ‘-ऑल’ (यादीबाहेरचे नापास) केलं तर काही सर्व्हर डीकेआयएम बघायच्या आधीच मेल परत लावतात, आणि कुणी तुमचा मेल पुढे पाठवला की एसपीएफ तुटतोच.

कुळागर

सबडोमेन बसवलं. आत्ताचा चाचणी मेल:

डीकेआयएम=पास, हेडर.आय=@वार्ता.तुमचंनाव.इन
एसपीएफ=पास, एसएमटीपी.मेलफ्रॉम=बाउन्स...@सेवेचं-डोमेन
डीमार्क=पास (पी=नन), हेडर.फ्रॉम=वार्ता.तुमचंनाव.इन

एसपीएफ अजून सेवेच्याच डोमेनचा दिसतोय, चालेल ना? आणि फ्रॉममध्ये ‘नोरिप्लाय’ ठेवू की खरा पत्ता?

घुमट

चालेल. डीकेआयएम जुळलंय, डीमार्कला तेवढं पुरतं. सेवा पाकीट बदलायची सोय देत असेल तर बघा, नसेल तर सोडून द्या.

नोरिप्लाय नको. ‘बाग@वार्ता...’ असा खरा पत्ता ठेवा. लोक उत्तर देतात, खोली आहे का विचारतात, आणि उत्तरांचा मेल ही घेणाऱ्या सर्व्हरच्या लेखी चांगली खूण असते. पोस्टमास्टर@ आणि अब्यूज@ ही उपनावंही काढून ठेवा, तक्रारी तिकडे येतात.

पोफळ

शेवटचं, सगळ्यांसाठीच. डोमेनची नोंदणी कुणाच्या नावावर आणि कुणाच्या मेलवर आहे ते आज बघा. वेबसाइट करणाऱ्याने स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असेल तर आपल्या खात्यात हलवून घ्या. त्यासाठी त्याच्याकडून ऑथ कोड लागतो. संपर्काचा पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवू नका. नूतनीकरण चुकून डोमेन बंद पडलं, तर मुदत संपल्याची सूचनाही त्याच बंद डब्यात येते.

कुळागर

नोंदणी माझ्याच नावावर आहे, पण संपर्काचा पत्ता त्याच डोमेनचा निघाला. बदलला. २५ ऑगस्टला पहिले ५० सोडतो, बाउन्स काय येतात ते इथेच टाकतो.